लेबलाचा रंग आणि मूळ तबकडीची ओळख

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या चर्चमधले भक्तिगायन आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ या नावाने ओळखले जाणारे लोकप्रिय संगीत यांच्या मिलाफातून १९५०च्या दशकाच्या अखेरीस जी गायनशैली आकाराला आली, तिला ‘सोल’ हे नाव पडले. ही शैली घराघरांत पोहोचली ती मुख्यतः मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, सात इंच व्यासाच्या आणि दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकडीतून. डेट्रॉइट, मेम्फिस, शिकागो, फिलाडेल्फिया अशा शहरांत १९६०च्या दशकात अशा तबकड्या काढणाऱ्या लहानमोठ्या असंख्य कंपन्या होत्या. त्यांतील मोजक्याच जगप्रसिद्ध झाल्या आणि बाकीच्या दोनचार तबकड्या बाजारात आणून, पैसा संपल्यावर, मागे काही न ठेवता विरून गेल्या. त्या काळी एका डॉलरच्या आत मिळणाऱ्या यांतील काही तबकड्यांसाठी आज संग्राहक हजारो पौंड मोजतात, आणि म्हणूनच हातात आलेली तबकडी मूळची की नंतर काढलेली, हा प्रश्न कुतूहलापुरता उरलेला नाही.

मूळ प्रेसिंग म्हणजे गाणे ज्या कंपनीने प्रथम प्रकाशित केले त्याच कंपनीने, पहिल्या विक्रीच्या काळात, पहिल्या ध्वनिमुद्रणावरून तयार केलेल्या साच्यांतून काढलेली प्रत. त्यानंतर मागणी टिकून राहिल्यामुळे त्याच कंपनीने काढलेल्या प्रतींना नंतरचे प्रेसिंग म्हणतात, काही वर्षांनी नव्या क्रमांकाने किंवा दुसऱ्या कंपनीकडून हक्कासह निघालेल्या प्रतीला पुनर्प्रकाशन म्हणतात, आणि हक्क नसताना चोरून काढलेल्या प्रतीला ‘बूटलेग’ म्हणतात. या चारही प्रतींवर गाणे एकच असू शकते आणि गायकाचे नावही तेच असते. त्यांच्यातील फरक डोळ्यांना प्रथम जाणवतो तो मधल्या गोल कागदावर, म्हणजे लेबलावर, आणि त्यातही सर्वांत आधी त्याच्या रंगात.

मात्र हा रंग जे सांगतो, ते संगीताविषयी क्वचितच असते. तो सांगतो कंपनीच्या व्यवहाराविषयी: मालकी केव्हा बदलली, वितरक कोण होता, छपाई कुठे झाली, तबकडी दुकानासाठी होती की रेडिओ केंद्रासाठी. त्यामुळे ‘पिवळे लेबल म्हणजे मूळ’ किंवा ‘निळे म्हणजे जुने’ असे सरसकट नियम पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. एकच रंग एका कंपनीत पहिल्या वर्षाची खूण असतो आणि दुसरीत शेवटच्या. ज्याला त्या कंपनीचा इतिहास ठाऊक आहे, त्याच्यासाठीच रंग बोलका होतो, आणि हा इतिहास समजून घेण्यातच या छंदाचे खरे मोल आहे.

लेबल तयार कसे होत असे, हे आधी पाहिले की पुढचे बरेचसे कोडे आपोआप सुटते. बहुतेक कंपन्यांची लेबले दोन टप्प्यांत छापली जात. पहिल्या टप्प्यात पार्श्वभूमीचा रंग, बोधचिन्ह आणि पत्ता असलेली कोरी लेबले मोठ्या संख्येने छापून ठेवत; दुसऱ्या टप्प्यात, नवी तबकडी निघाली की, त्या कोऱ्या लेबलांवर गाण्याचे नाव, गायक, गीतकार, कालावधी आणि क्रमांक असा मजकूर बहुधा काळ्या किंवा चंदेरी शाईत चढवत. व्हिनाइल हे प्लास्टिक वापरणाऱ्या कारखान्यांत ही लेबले आधी पूर्ण वाळवली जात, मग वाफेने तापवलेल्या दोन धातूच्या साच्यांमध्ये मऊ व्हिनाइलचा गोळा आणि त्याच्या वरखाली एकेक लेबल ठेवून यंत्र दाबले जाई, आणि उष्णता व दाब यांमुळेच कागद तबकडीत कायमचा बसे. डिंक लागत नसे. कोऱ्या लेबलांचा साठा असा आधीच करून ठेवलेला असल्याने, कंपनीने नवे बोधचिन्ह स्वीकारले तरी जुनी लेबले फेकून न देता संपेपर्यंत वापरली जात. परिणामी संक्रमणाच्या काही महिन्यांत एकाच क्रमांकाची तबकडी दोन रंगांच्या लेबलांवर सापडते आणि त्या दोन्ही प्रती मूळच्या ठरू शकतात. कोणत्याही रंगाची मुदत महिन्याच्या एक तारखेला सुरू होऊन दुसऱ्या एक तारखेला संपली, असे मानणारा खरेदीदार येथे हमखास फसतो.

या अभ्यासाचा सर्वांत समृद्ध नमुना म्हणजे बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये डेट्रॉइटमध्ये उभारलेला उद्योग, जो पुढे ‘मोटाउन’ या नावाने जगाला माहीत झाला. २६४८ वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या पत्त्यावरील एका साध्या घरात त्यांचा स्टुडिओ होता, परंतु तबकड्या एका नावाने न काढता त्यांनी ‘टॅमला’, ‘मोटाउन’, ‘गॉर्डी’, ‘सोल’, ‘व्हीआयपी’ अशी अनेक लेबले चालवली. यामागे हिशेब होता: रेडिओवरील निवेदक एकाच कंपनीची फार गाणी लावताना कचरत असत, आणि वेगळी नावे, वेगळे रंग असले की ती अडचण कमी होई. टॅमलाचे लेबल पहिल्यापासून पिवळे होते, पण सुरुवातीच्या पिवळ्या लेबलाच्या वरच्या भागात आडव्या रेषांचे पट्टे असत. १९६१ च्या सुमारास त्या रेषा जाऊन एकमेकांवर अंशतः आलेले दोन पृथ्वीगोल आले, आणि पुढे तेही जाऊन चौकटीतले नाव आले. संग्राहकांच्या बोलीत पहिल्याला ‘लाइन्स’ आणि दुसऱ्याला ‘ग्लोब्ज’ म्हणतात. म्हणजे येथे पिवळा रंग स्वतः काहीच ठरवत नाही; पिवळ्यावर काय छापले आहे ते ठरवते. ‘मोटाउन’ नावाच्या लेबलाचे तसे नाही. त्याच्या अगदी पहिल्या तबकड्या गुलाबी लेबलावर होत्या आणि लवकरच त्यांची जागा निळ्या लेबलाने घेतली, ज्यावर डेट्रॉइटच्या परिसराचा नकाशा आणि शहराच्या जागी तांबडा तारा आहे. कंपनीने १९७२ मध्ये आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवल्यानंतरही हा नकाशा लेबलावर कायम राहिला, त्यामुळे केवळ नकाशा पाहून तबकडी डेट्रॉइटच्या दिवसांतली आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

तेथे मदतीला येतो तो पत्ता. अमेरिकेत पाच आकडी पिनकोडाची पद्धत १ जुलै १९६३ पासून सुरू झाली. त्याआधी मोठ्या शहरांच्या नावापुढे टपाल विभागाचा एक किंवा दोन आकडी क्रमांक लिहीत. लेबलावर ‘डेट्रॉइट ८, मिशिगन’ असे छापलेले असेल, तर ते कोरे लेबल या बदलाच्या आधीच्या पद्धतीने जुळवलेले आहे हे उघड होते. पाच आकडे असतील, तर ते १९६३ च्या मध्यापूर्वीचे असूच शकत नाही. ज्या प्रतीला विक्रेता १९६१ ची म्हणतो आणि जिच्या लेबलाच्या कडेला पाच आकडे दिसतात, तिच्याबाबत पुढे वाद घालण्याची गरज उरत नाही. रंगाइतकी ही खूण डोळ्यांत भरत नाही, पण विश्वासार्हतेत ती रंगाच्या पुष्कळ पुढे आहे.

१९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘गॉर्डी’ लेबलाचा जांभळा रंग आणि त्यावरचे वळणदार हस्ताक्षरातले पिवळे नाव यांच्यासोबत एक घोषवाक्य छापलेले असे, ज्याचा आशय असा की महत्त्व तबकडीच्या खाचांमध्ये जे आहे त्यालाच आहे. मार्था अँड द व्हँडेलाज यांचे १९६४ चे ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ या वळणदार नावाच्या लेबलावर निघाले. १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर मात्र रंग जांभळाच राहून मांडणी बदलली. तेव्हा १९६४ चे गाणे नव्या मांडणीच्या लेबलावर दिसले, तर ती प्रत नंतरची, असे म्हणण्यास चांगला आधार मिळतो.

परंतु लेबल ज्या ठिकाणी पूर्णपणे मुके होते, असेही एक उदाहरण याच कंपनीत आहे, आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे. द मिरॅकल्स यांचे ‘शॉप अराउंड’ हे गाणे १९६० मध्ये टॅमलाने प्रथम डेट्रॉइटच्या परिसरात विक्रीला आणले. ते रेडिओवर ऐकल्यावर गॉर्डी यांना त्याची लय संथ आणि परिणाम फिका वाटला; त्यांनी वाद्यवृंदाला आणि गायकांना मध्यरात्रीनंतर पुन्हा स्टुडिओत बोलावून ते अधिक वेगात नव्याने ध्वनिमुद्रित केले, आणि तेच दुसरे ध्वनिमुद्रण देशभर गेले, दहा लाखांहून अधिक खपले व कंपनीचा पाया भक्कम करून गेले. पहिले आणि दुसरे, दोन्ही रूपे एकाच क्रमांकाखाली, रेषांच्या त्याच पिवळ्या लेबलावर निघाली. लेबलांवरून त्यांतला फरक कळत नाही. तो कळतो तबकडी दिव्याखाली तिरपी धरून, शेवटची खाच आणि लेबलाची कडा यांच्यामधल्या गुळगुळीत काळ्या पट्टीकडे पाहिल्यावर. या पट्टीला ‘डेड वॅक्स’ म्हणतात; तिच्यात साचा तयार करतानाच कोरलेला किंवा ठोकलेला एक क्रमांक असतो, जो ‘मॅट्रिक्स क्रमांक’ म्हणून ओळखला जातो आणि प्रत्यक्ष कोणते ध्वनिमुद्रण त्या खाचांमध्ये उतरले आहे ते सांगतो. लेबल चुकीच्या तबकडीवर बसू शकते, जुन्या साठ्यातून येऊ शकते, नंतर बनवता येऊ शकते. मॅट्रिक्स क्रमांक मात्र त्या ध्वनीच्याच साच्यात रुतलेला असतो. म्हणून जाणकार रंगापासून सुरुवात करतात आणि या पट्टीपाशी येऊन निर्णय देतात.

मेम्फिसच्या ‘स्टॅक्स’ कंपनीचा इतिहास पाहिला, तर मालकीतील उलथापालथ लेबलाच्या रंगात किती स्पष्टपणे उतरते याची कल्पना येते. जिम स्टुअर्ट यांनी १९५७ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचे पहिले नाव ‘सॅटेलाइट’ होते. कॅलिफोर्नियात त्याच नावाची दुसरी कंपनी असल्याचे लक्षात आल्यावर १९६१ मध्ये स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांच्या आडनावांची पहिली अक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ हे नाव घेतले गेले. त्यामुळे कार्ला थॉमस यांच्या ‘जी व्हिझ’ या गाण्याची सर्वांत पहिली प्रत सॅटेलाइटच्या लेबलावरची आहे. बहुसंख्य घरांत पोहोचलेली प्रत मात्र न्यूयॉर्कच्या ‘अटलांटिक’ कंपनीने गाणे आपल्याकडे घेतल्यानंतरची, अटलांटिकच्या लेबलावरची आहे. मोठ्या कंपनीचे, अधिक देखणे, अधिक परिचित लेबल येथे दुसऱ्या क्रमांकावर येते. बुकर टी अँड द एमजीज यांच्या ‘ग्रीन अनियन्स’ या वाद्यरचनेचेही असेच झाले: १९६२ मध्ये ती स्टॅक्सच्या ‘व्होल्ट’ या उपलेबलावर, १०२ या क्रमांकाने, तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर निघाली, आणि निवेदकांनी तीच बाजू उचलून धरल्यावर काही आठवड्यांत ‘स्टॅक्स १२७’ म्हणून पहिल्या बाजूवर आली. स्टॅक्सचे लेबल खरे असते, काळही तोच असतो, तरीही पहिली प्रत व्होल्टची.

स्टॅक्सच्या १९६०च्या दशकातील लेबलाचा रंग फिका निळा असून त्यावर एकावर एक रचलेल्या तबकड्यांच्या चळतीचे चित्र आहे. या काळात देशभरातील वितरण अटलांटिककडे होते. १९६७ मध्ये अटलांटिक कंपनी वॉर्नर ब्रदर्स–सेव्हन आर्ट्सला विकली गेली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टॅक्सचा सर्वांत मोठा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात मरण पावला, आणि १९६८ मध्ये करार संपवण्याची वेळ आली तेव्हा स्टुअर्ट यांना कळले की त्यांनी सही केलेल्या कागदानुसार वितरण झालेल्या सर्व ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडेच राहणार आहे. एका कंपनीची जवळजवळ सगळी पुंजी एका कलमामुळे हातातून गेली. सोल संगीताच्या इतिहासात याहून क्लेशदायक व्यवहार क्वचितच सापडेल. त्यानंतर गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाच्या छत्राखाली स्टॅक्सने नव्याने सुरुवात केली, तेव्हा लेबल पिवळे झाले आणि त्यावर चुटकी वाजवणाऱ्या हाताचे चिन्ह आले. निळा आणि पिवळा यांच्यामध्ये हा सारा प्रसंग आहे. सॅम अँड डेव्ह यांचे १९६७ चे ‘सोल मॅन’ निळ्या लेबलावर शोधायचे, हे ज्याला या तुटीचे कारण माहीत आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

बारा इंची, मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांच्या तबकडीबाबत, म्हणजे एलपीबाबत, रंगाला आणखी एक अर्थ होता. १९६०च्या दशकात एकच एलपी ‘मोनो’ आणि ‘स्टिरिओ’ अशा दोन प्रकारांत मिळे; मोनोमध्ये सर्व आवाज एकाच वाहिनीतून येतो, स्टिरिओमध्ये तो डाव्या व उजव्या अशा दोन वाहिन्यांत विभागलेला असतो. अटलांटिकने दोन्ही प्रकार दुकानदाराला चटकन ओळखता यावेत म्हणून मोनोसाठी तांबडा व जांभळा आणि स्टिरिओसाठी हिरवा व निळा अशी दुरंगी लेबले वापरली. मार्च १९६७ मध्ये निघालेल्या अरीथा फ्रँकलिन यांच्या ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू’ या एलपीच्या मूळ मोनो आणि मूळ स्टिरिओ प्रती शेजारी ठेवल्या, तर लेबलांत एकही रंग समान नसतो, आणि तरीही दोन्ही तितक्याच मूळ असतात. १९६८च्या अखेरीपासून मोनो मागे पडल्यावर कंपनीने एकच लेबल ठेवले, तांबडे आणि हिरवे, आणि त्याच्या कडेवर ‘१८४१ ब्रॉडवे’ हा न्यूयॉर्कमधील पत्ता आला. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून त्या जागी ‘७५ रॉकफेलर प्लाझा’ दिसू लागतो. त्यामुळे अरीथा यांची हीच एलपी तांबड्या-हिरव्या लेबलावर आढळली, तर ती कधीही पहिल्या वर्षाची नसते. कडेचा पत्ता वाचला की ती साधारण किती उशिराची, तेही कळते.

रंग बदलणे वेगळे आणि रंगाची छटा बदलणे वेगळे, ही गोष्ट नवखा खरेदीदार हमखास विसरतो. मोठी कंपनी एकाच वेळी देशाच्या निरनिराळ्या भागांतील कारखान्यांकडून तबकड्या काढून घेत असे, कारण वजनदार माल हजारो मैल वाहून नेण्यापेक्षा साचे पाठवणे स्वस्त पडे. मिशिगनमधील ओवोसो येथील अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग, मेम्फिसमधील प्लास्टिक प्रॉडक्ट्स, पेनसिल्व्हेनियातील ओलिफंट येथील स्पेशालिटी, लॉस एंजेलिसमधील मोनार्क ही त्यांतली ठळक नावे. प्रत्येक ठिकाणची लेबले बहुधा वेगळ्या छापखान्यात छापली जात, त्यामुळे एकाच आठवड्यात निघालेल्या एकाच गाण्याच्या प्रतींत एकीकडे गडद निळा आणि दुसरीकडे करडेपणाकडे झुकणारा निळा दिसू शकतो, अक्षरांची वळणेही वेगळी असू शकतात. अटलांटिक समूहाच्या लेबलांवर मॅट्रिक्स क्रमांकाच्या शेवटी ‘पीएल’, ‘एसपी’, ‘एमओ’ अशी दोन अक्षरे असतात. ती अनुक्रमे प्लास्टिक प्रॉडक्ट्स, स्पेशालिटी आणि मोनार्क या कारखान्यांची खूण आहे. मोनार्कच्या तबकड्यांच्या डेड वॅक्समध्ये त्रिकोण आणि त्यापुढे एक क्रमांक कोरलेला असतो. हे क्रमांक कामाच्या ओघाने वाढत गेले असल्यामुळे त्यांवरून तबकडी कोणत्या महिन्याच्या आसपास निघाली, हेही काढता येते. छटेचा फरक दिसला की प्रथम कारखाना तपासावा आणि मगच काळाविषयी बोलावे.

कारखाना कळला की पदार्थही कळतो. मोनार्कसारखे काही कारखाने सात इंची तबकड्यांसाठी व्हिनाइलऐवजी ‘स्टायरीन’ हे कडक प्लास्टिक वापरत. ते साच्यांमध्ये दाबले न जाता वितळवून साच्यात सोडले जाई. अशी तबकडी वजनाला हलकी, वाकवू पाहिल्यास न वाकणारी आणि बोटाच्या नखाने टिचकी मारली असता कोरडा, टणक आवाज देणारी असते. तिचे लेबल नंतर चिकटवलेले असल्याने कडेला किंचित सुटलेले आढळते आणि जुन्या सुईच्या घासण्याने तिच्या खाचा राखट पडतात. जे गाणे मुळात फक्त स्टायरीनवर निघाले, त्याची लवचीक व्हिनाइलमधली प्रत समोर आली, तर लेबलाचा रंग कितीही हुबेहूब असो, ती मूळ नव्हे. उलट ज्या गाण्याच्या मूळ प्रती दोन कारखान्यांतून निघाल्या, त्याच्या बाबतीत व्हिनाइल आणि स्टायरीन दोन्ही खरे असतात.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत निदान करार, हिशेब आणि विक्रीची कागदपत्रे काही अंशी शिल्लक आहेत. लहान कंपन्यांचे तसे झाले नाही. एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत, स्वतःच्या बचतीवर, कृष्णवर्णीय उद्योजकांनी चालवलेल्या या कंपन्यांपैकी कितीतरींचा आज एकमेव लेखी पुरावा म्हणजे तबकडीवरचे तीन-साडेतीन इंची लेबल. त्यावर पत्ता असतो, गीतहक्क सांभाळणाऱ्या संस्थेचे नाव असते, निर्माता आणि वाद्यवृंद-संयोजक यांची नावे असतात, आणि खाली कुठेतरी वितरकाचा उल्लेख असतो. पहिल्या प्रतीवर वितरकाचे नाव नसणे आणि दुसऱ्या प्रतीवर मोठ्या कंपनीचे नाव येणे, यातून त्या गाण्याचा गावातून देशात झालेला प्रवास वाचता येतो. पुनर्प्रकाशनात हा मजकूर बहुधा गाळला जातो. म्हणून मूळ प्रत जपणे म्हणजे श्रीमंतांचा शौक, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने ती प्रत म्हणजे अभिलेखागारातला कागद आहे आणि तो त्याच आदराने हाताळला गेला पाहिजे.

या दुर्मीळ तबकड्यांना आजचे मोल मिळाले ते मात्र अमेरिकेत नव्हे, इंग्लंडच्या उत्तरेकडील गिरणी आणि कारखान्यांच्या गावांत. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील, ब्लॅकपूलचा मेक्का आणि १९७३ ते १९८१ या काळात चाललेला विगन कसिनो अशा नृत्यगृहांत कामगार तरुण रात्रभर १९६०च्या दशकातल्या वेगवान, आणि त्यातही अमेरिकेत न खपलेल्या सोल गाण्यांवर नाचत. लंडनमधील ‘सोल सिटी’ या दुकानाचे मालक व लेखक डेव्ह गॉडिन यांनी या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ असे नाव दिले आणि १९७० पासून ते रूढ झाले. तेथील तबकडीवादक, म्हणजे डीजे, दुसऱ्या कोणाकडे नसलेले गाणे मिळवण्यासाठी अमेरिकेतील गोदामे पालथी घालत, आणि ते सापडले की स्पर्धकांना सुगावा लागू नये म्हणून लेबलावर पांढरा कागद चिकटवून गायकाचे आणि गाण्याचे खोटे नाव जाहीर करत. या पद्धतीला ‘कव्हर-अप’ म्हणत. लेबलाचा रंग दुरून दिसला तरी गुपित फुटेल, इतके तिथले प्रेक्षक रंगांत मुरलेले होते.

ब्रिटनमध्ये निघालेल्या प्रतींचे गणित निराळे आहे, कारण अमेरिकन गाणे तेथे स्थानिक कंपनीच्या लेबलावर येई. मोटाउनची गाणी तेथे आधी लंडन अमेरिकन, मग फॉन्टाना, मग ओरिओल, मग स्टेटसाइड अशा लेबलांवरून फिरत मार्च १९६५ मध्ये स्वतःच्या ‘टॅमला मोटाउन’ या काळ्या-चंदेरी लेबलावर आली. मेरी वेल्स यांच्या १९६४ च्या ‘माय गाय’ची ब्रिटिश मूळ प्रत म्हणूनच स्टेटसाइडवरची; टॅमला मोटाउनच्या लेबलावर, टीएमजी ८२० या क्रमांकाने मिळते ती १९७२ मधली. टॅमला मोटाउन आणि स्टेटसाइड ही लेबले ईएमआयची असल्याने त्यांच्या कडेच्या मजकुरात १९७३ पर्यंत ‘द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड’ असे नाव असते आणि त्यानंतर ‘ईएमआय रेकॉर्ड्स लिमिटेड’ असे; मराठी नाट्यगीते आणि भावगीते ज्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्यांतून महाराष्ट्रात ऐकली गेली, त्या काढणाऱ्या भारतीय कंपनीची ती मूळ संस्था. रेडिओ केंद्रांना आणि समीक्षकांना आगाऊ पाठवायच्या प्रती, म्हणजे ‘डेमो’, यांवर ईएमआय ठळकपणे मोठे ‘ए’ हे अक्षर छापे, आणि त्यांचा रंग दुकानी प्रतीपेक्षा वेगळा असे. न खपलेल्या गाण्याच्या बाबतीत डेमोच अधिक शिल्लक राहतात आणि दुकानी प्रत दुर्मीळ होते.

याचे टोकाचे उदाहरण डॅरेल बँक्स यांच्या ‘ओपन द डोअर टू युअर हार्ट’ या गाण्याचे. १९६६ मध्ये डेट्रॉइटच्या ‘रेव्हिलॉट’ या छोट्या लेबलावर निघालेले हे गाणे ब्रिटनमध्ये डेक्का कंपनीने आपल्या लंडन लेबलावर काढण्याची तयारी केली. परंतु हक्क ईएमआयकडे असल्याचे निष्पन्न झाल्याने ती तबकडी मागे घ्यावी लागली आणि गाणे स्टेटसाइडवर आले. लंडन लेबलाच्या काही डेमो प्रती तेवढ्या माहीत होत्या. दुकानी स्वरूपाची एक प्रत पुढे उजेडात आली, तेव्हा २०१४ मध्ये ती १४,५४३ पौंडांना विकली गेली. त्याच गाण्याची स्टेटसाइडवरची प्रत याच्या तुलनेत किरकोळ किमतीला मिळते.

मागणी वाढली तसे बनावट प्रती काढणारेही पुढे आले. यांतील साध्या प्रती ओळखायला सोप्या असतात, कारण त्यांवर नवेच लेबल आणि नवेच नाव असते. कठीण असते ती हुबेहूब नक्कल. अशा नकलेचे लेबल मूळ लेबलाचे छायाचित्र घेऊन बनवलेले असते. भिंगाखाली धरले की मूळ लेबलाचा सपाट, एकसंध रंग आणि अक्षरांच्या स्वच्छ कडा यांच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी आणि गीतकारांच्या नावांची बुजलेली अक्षरे दिसतात. मूळ लेबलावर मजकूर नंतर चढवलेला असल्याने तो पार्श्वभूमीच्या तुलनेत प्रतीगणिक किंचित सरकलेला असू शकतो. छायाचित्रावरून काढलेल्या नकलेत पार्श्वभूमी आणि मजकूर कायमचे जखडलेले असतात. मूळ साच्यात यंत्राने ठोकलेला मॅट्रिक्स क्रमांक आणि स्टुडिओची मोहोर असेल, तर नकलेत बहुधा हाताने खरडलेला क्रमांक सापडतो. मूळ लेबल उन्हाने विटलेले, दमटपणाने पिवळे पडलेले असू शकते, पण ठिपक्यांची जाळी वयोमानाने येत नाही. दूरच्या विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रावरून रंगाचा निवाडा करू नये, हे ओघानेच आले, कारण दिव्याचा उजेड आणि पडद्याची ठेवण दोन्ही रंग फिरवतात. त्याच्याकडून डेड वॅक्सचा मजकूर लिहून मागवणे हाच शहाणपणा.

फ्रँक विल्सन यांच्या ‘डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)’ या गाण्याच्या बाबतीत मूळ, चोरटी आणि अधिकृत पुनर्प्रकाशित अशा तिन्ही अवस्था एकत्र पाहता येतात. मोटाउनच्या ‘सोल’ लेबलाने १९६५ मध्ये ३५०१९ या क्रमांकाने ही तबकडी तयार केली. परंतु विल्सन यांनी गायकापेक्षा निर्माता होणे पसंत केले आणि तिच्या जवळजवळ सर्व प्रती नष्ट करण्यात आल्या. १९७०च्या दशकात तिचे गाणे विगनमध्ये गाजू लागले ते ‘एडी फॉस्टर’ या बनावट नावाखाली, आणि त्याच नावाने चोरटी तबकडीही निघाली. १९७९ मध्ये टॅमला मोटाउनने टीएमजी ११७० या क्रमांकाने ती ब्रिटनमध्ये रीतसर, विल्सन यांच्या नावाने प्रकाशित केली. तिन्ही लेबले वेगवेगळी असल्याने येथे एका नजरेत ओळख पटते: एडी फॉस्टरचे नाव असलेली प्रत नाचणाऱ्यांच्या आठवणींची वस्तू म्हणून जपली जाते, टॅमला मोटाउनची प्रत सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आहे, आणि ‘सोल’ लेबलावरची अस्सल प्रत, जिचे दीर्घकाळ केवळ दोनच नमुने माहीत होते, २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना आणि २०२० मध्ये एक लाख पौंडांना विकली गेली.